गाण्यात नसलेलं नाव

तुर्बत, १९ ऑगस्ट १९६८

ग्रानाज आपा,

सलाम. इथं सगळे खुशाल आहेत. खजूर यंदा गोड उतरला. अर्धा बकऱ्यांनी संपवला, अर्धा माझ्या पोरांनी. तुझ्यासाठी एक करंडी कशीबशी वाचवलीय. उंटानं मला पुन्हा लाथ मारली. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

रागावली आहेस, ठाऊक आहे. "माझ्या माहेकानचं लग्न अडलंय आणि तुला गाण्यात आपल्या नावाची एक ओळ घालवत नाही? जीभ झडेल का तुझी?" असं म्हणून दारातून परत पाठवलंस. चहासुद्धा दिला नाहीस, बये!

काल मीर शहदादच्या तंबूत गायलो. त्याचा मुलगा, आपल्या माहेकानचा जंगियान, समोरच मान खाली घालून बसला होता, बिचारा. शाम देशातल्या हलब शहराहून बलोच कसे निघाले, करबला, मग सीस्तान, मग आपलं केच, कोणत्या टोळीनं कुठं तंबू ठोकले, सगळं आपल्या अबांनी शिकवलं तसंच.

संपल्यावर म्हातारा शहदाद म्हणाला, "सगळ्या टोळ्या आल्या, पीरक. तुझे लोक कुठंयत? गाण्यात ज्यांचं नाव नाही, ते कुठून आले कोण जाणे. त्यांची मुलगी सून म्हणून कशी आणू?"

खरं सांगू? ती ओळ ओठांवर आली होती. वाटेत जुळवलीही होती. पण अबांचा तंबुरा मांडीवर होता. ते म्हणायचे, एक नाव घुसवलंस तर बाकीच्या नावांवर कोण विश्वास ठेवील?

म्हणालो, "मीर, तुमचे पूर्वज एवढी वाट चालले. कोण कुठं थांबलं, कोण कुठं मेलं, हे ध्यानात ठेवलं कुणी? तंबुरा घेऊन त्यांच्या मागोमाग चालत कोण आलं? गाणारा आपलं नाव गात नाही, एवढंच."

एवढं बोलून तंबुरा बाजूला ठेवला, आपा.

तेवढ्यात पडद्याआडून शहदादची बायको कडाडली, "पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं गाणं चालतं, मुलगी तेवढी चालत नाही. शोभतं का हो?"

म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला. गालिचा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "पीरक, हालहवाल सांग."

तंबूत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी हालहवाल विचारतात. गाणाऱ्याला कोण विचारतं? अबांना उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही. त्यांना म्हणत, "बस, तार लाव." मला रडू आलं, लपवत नाही. पाऊसपाणी, खजूर, उंटाची लाथ, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि माझी भाची लग्नाची आहे."

"ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला. "ईद झाली की न्यायला येतो."

माहेकानला सांग, डोळे पूस. लग्नात हेच गाणं गाईन. आपलं नाव तेव्हाही त्यात नसेल, आत्ताच सांगतो. जुम्म्याला येतोय, चहा ठेव.

हलबपासून तुझ्याबरोबर चालत आलेला तुझा भाऊ,
पीरक