वेदीचा फोटो

बालाघाट, गुरुवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९६४

आज दवाखान्यात मार्थामावशीशी खोटं बोललो. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये ज्या वेदीपुढे तिचं लग्न लागलं, ती तिला एकदा पाहायची आहे. म्हणून काल कॅमेरा घेऊन तिकडे गेलो.

कॅथेड्रलचं दार सताड उघडं होतं. मी चपला काढल्या आणि कुणी ‘या’ म्हणेल म्हणून पायरीखाली उभा राहिलो. कोणी अडवलं? कोणीच नाही. लहानपणी देवळापुढे असाच उभा राहायचो. बौद्ध होऊन सात वर्षं झाली, वर्गात समता शिकवतो, आणि ती एक पायरी चढवेना. रोलमधले बाराही फोटो बाहेरूनच काढले आणि नागपुरातच धुऊन घेतले.

मावशीनं सगळे पाहिले. “बेटा, आतला कुठं हाय?”

“आत अंधार होता.”

“अंधार? तिथं तं दुपारभर ऊन येते.” मग हळूच म्हणाली, “तुले कोणी हाकललं का रे?”

“नाही.”

“मंग काहून नाही गेला?”

मी फोटो गोळा करू लागलो.

“परत जाय. मी थांबीन तवरीक.”

डॉक्टर म्हणतात, दोन दिवसही कठीण. पहाटेची गाडी आहे. ती थांबेल. माझ्याच पायांचा भरवसा नाही.