पुस्तकं मिटून ऐकायचा तास

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि पत्र लिहायचं मला आज सुचतंय. मेलं माझं डोकं उशिराच चालतं. मी आता नाशिकमध्ये दुसरीला शिकवते आणि तुमची ती युक्ती सरळ उचलली आहे. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकायचं. वाचणाऱ्याच्या आवाजात प्रश्नचिन्ह ऐकू आलं तर वर्गानं उत्तर द्यायचं, पूर्णविराम आला तर "बरं" म्हणायचं, उद्गारचिन्ह आलं तर "अगं बाई!" काहीच कळलं नाही तर गप्प बसायचं.

देवळ्याच्या तुमच्या शाळेत वर्गाच्या त्या गप्प बसण्याचा मला किती राग यायचा! आई वारल्यावर मी मावशीकडे राहायला आले होते आणि बोलणंच सोडलं होतं. वाचायला उभी राहिले की सगळी वाक्यं एका दमात गिळून टाकायची. "बाई, ही काय इचारती तेच कळत नाय," मुलं ओरडायची. तुम्ही मलाच दटावायचात, "अगं, पुस्तकाला काय विचारतेस? त्यांना विचार की." एकदा चिडून मी मान वर केली आणि धड्यातलं वाक्य त्यांच्या अंगावर फेकलं, "तुम्ही जेवलात का?" अख्खा वर्ग ओरडला, "होऽऽ!" आई गेल्यापासून माझ्या बोलण्याला एवढं मोठं उत्तर कुणी दिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली गूळपोळी माझ्या हातावर ठेवलीत आणि निघून गेलात. मी बोलती झाले ती तुमच्यामुळे, बाई.

या आठवड्यात माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. वडिलांची ओझरच्या कारखान्यात बदली झाली. ती रडत नाही आणि बोलतही नाही. आज वाचायची पाळी तिची. "आज वर्गात नवीन कोण आलं?" हे वाक्य ती सपाट वाचते. वर्ग गप्प. मला राहवत नाही, आपणच वाचून दाखवावं असं वाटतं. पण तुम्ही थांबायचात, म्हणून मीही थांबते. "परत वाच ना गं," मागून कुणीतरी म्हणतं. ती पुस्तकातून डोळे काढते, सगळ्यांकडे बघते आणि खरंच विचारते.

"तूऽऽ!" वर्ग दणाणतो. आणि ती हसते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते माझ्या पर्समध्येच राहील. एवढंच कबूल करते, ती हसली तेव्हा मी पाठ फिरवून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.