पापडांचा पिक्चर सापडला

प्रिय ऋतिका,

घटस्फोट तुझा आणि विक्रमचा झाला. माझ्याकडे कुणी कागद सहीला आणले नव्हते, तेव्हा माझा झालेला नाही असं मी धरून चालले आहे. तरी निकाल लागल्यापासून तू सदाशिव पेठेत पाऊल टाकलेलं नाहीस. हिंजवडीचा ट्रॅफिक वाईट, मान्य. पण अमेरिकेतली माणसंसुद्धा अधूनमधून येऊन जातात गं.

बातमी अशी की, आपला पापडांचा पिक्चर सापडला. आठवतो ना? त्या रविवारी टीव्हीवर मध्येच लागलेला. तीन जावा गच्चीवर पापड लाटताहेत आणि लाटता लाटता घराच्या वाटण्या होताहेत. शेवटी थोरली जाऊ ट्रंक उचलून दारापर्यंत आली आणि आपल्याकडची वीज गेली. आली तेव्हा बातम्या चालू. थोरली गेली की राहिली, यावर आपण दोघी जेवताना तावातावाने भांडलो. विक्रम म्हणाला, खोट्या माणसांसाठी काय भांडता! खऱ्या माणसांसाठी भांडायची त्याला तरी कुठे सवय होती? असो. माझा मुलगा आहे, मी बोलणार.

पिक्चरचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ही खरी पंचाईत. रिमोट तोंडाशी धरून मी स्वच्छ म्हणाले, ‘पापडांचा जुना पिक्चर’. टीव्हीने मला उडदाचे, नाचणीचे आणि मायक्रोवेव्हमधले पापड शिकवले. मग खालच्या मजल्यावरचे गोपाळकृष्णराव, बोलावलं नसताना, मदतीला आले. त्यांनी ‘कौटुंबिक’ असं शोधलं तर पहिल्याच भागात तीन खून. ‘सगळे एकाच कुटुंबातले आहेत, वहिनी,’ म्हणाले.

शेवटी विक्रमच्या हिराआत्याला नाव आठवलं. ते घातल्याबरोबर निघाला की! कुणीतरी फुकट चढवून ठेवलेला. बघते तर सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. म्हटलं, हा गुजरातीत केलेला दिसतोय, आणि कुणी तोंड उघडायच्या आत बंद करून टाकला. पुढे बरेच दिवस मी हिराआत्याच्या स्मरणशक्तीला नावं ठेवत होते. मग गोपाळकृष्णरावांनी ज्ञान दिलं, की पकडले जाऊ नये म्हणून हे लोक चित्र आरशातल्यासारखं उलटं करून चढवतात. त्यामुळे त्या घरात सत्यनारायणाची पूजासुद्धा डाव्या हाताने होते. तिथल्या सासूबाईंना काही वाटत नाही, मग मी कोण बोलणार?

तर ट्रंकेपर्यंत बघून थांबवला आहे. पुढचं एकटीने बघवत नाही. भांडायला समोर कुणी लागतं. नाव सांगत नाही, नाहीतर तू तिकडे खोलीवर मोबाइलवर बघून मोकळी होशील. रविवारी ये. विक्रम बंगळुरात असतो हल्ली. आणि ‘परत जा त्याच्याकडे’ असं मी चुकूनही म्हणणार नाही. गेलीस ते बरं केलंस, हे त्याच्या आईने लिहून देऊ नये, एवढंच.

आता खरं सांगते. परवा लक्ष्मी रोडवर भेटलीस, बरोबर मैत्रिणी होत्या, आणि मला म्हणालीस, ‘कशा आहात काकू?’ मी ‘मजेत’ म्हणाले. घरी येऊन गवार निवडायला बसले तर शेंगा एकीकडे आणि शिरा एकीकडे करायचं सुचेना. चूक तुझी नाही. आपल्या भाषेत जावेला, नणंदेला, विहिणीला, अगदी सवतीलाही शब्द आहे. लग्न मोडल्यावर मागे उरलेल्या आपल्यासारख्या दोघींना नाही. तू तुझ्या आईला ‘अगं आई’ म्हणायचीस आणि मला ‘अहो आई’. तो ‘अहो’ विक्रमच्या नात्याने आला होता, कोर्टाने नेला तर नेऊ दे. पण ‘आई’वर कुणी दावा लावलेला मी तरी ऐकला नाही. काकू पुण्यात ढिगाने आहेत, त्यात माझी भर नको. रविवारी बेल वाजवू नकोस, जिन्यातूनच हाक मार; आणि ‘अहो’ नको, ‘अगं’ म्हण. मी दाराशीच असेन.

तुझीच,
आई