टेकडीवरची पनेला

तिबासोसा, कोलंबिया
ऑक्टोबर

लाडक्या यानेत,

हे पत्र मी टाकणार नाहीये, म्हणूनच खरं लिहितोय.

स्पेनला जाताना तू तुझी कुत्री पनेला माझ्या गळ्यात मारलीस. तिचं पहिलं चित्र पाठवलं, तेव्हा फोनवर केवढी हसलीस! "बाबा, हे कुत्रं आहे की बकरी?" काय करणार पोरी, घरात ती क्षणभर बसायची नाही. टेकडीवर मात्र खालच्या कुरणातल्या गाई बघत तासभर बसे. म्हणून रंगांची पेटी तिकडे न्यायला लागलो. चित्रात तिच्यामागे कुरण आपोआप यायचं. त्याचे सतरा हिरवे मी असे शिकलो.

गेल्या महिन्यातलं चित्र बघून तू म्हणालीस, "आता जमलं, बाबा! अगदी आपली पनेला. या वेळी हलली नाही वाटतं?"

नाही हलली. ते मी आठवणीतून काढलं होतं. ती जूनमध्येच गेली गं, झोपेत, माझ्या जुन्या घोंगडीवर.

नाताळला येशील आणि दारातूनच तिला हाक मारशील. त्याआधी सांगायला हवं, पण फोनवर जीभ रेटत नाही. म्हणून आज नुसत्या टेकडीचं चित्र धाडतोय. निलगिरीच्या बुंध्याशी मातीचा लहानसा उंचवटा काढलाय. तो दिसला की फोन कर. मी काही बोललो नाही, तरी ठेवू नकोस.

तुझा बकरीवाला बाबा,
एवेलियो