फटाकडीचा बंदोबस्त

४ मार्च
बायकोच्या पायाला प्लास्टर. गच्चीवरची तिची नर्सरी आजपासून माझ्याकडे. पुढच्या महिन्यात हॉटेलला कुंड्या द्यायच्यात, तिची पहिली मोठी ऑर्डर. अट एकच, कुंडीत तण नको. जन्मभर ऑफिसात माणसं सांभाळली. कुंड्या निदान रजा तरी मागत नाहीत.

५ मार्च
बायको पलंगावरून बजावते आहे. एक रानटी रोप, मोहरीच्या जातीचं, वीतभरसुद्धा नाही, पांढरं फूल. ती त्याला फटाकडी म्हणते. फूल दिसलं की लगेच उपटा म्हणाली. ‘लगेच’ मला मान्य नाही. कामाला सिस्टिम हवी. तण : फक्त रविवारी.

११ मार्च, रविवार
फुलं दिसली. गोंडस आहेत. कंबर धरली आहे. पुढच्या रविवारी नक्की.

१८ मार्च, सकाळी
फुलांच्या जागी बारीक शेंगा. हात लावला तर तडतड बी उडालं, डोळ्यात गेलं. नावाचा उलगडा झाला. पण मागे हटलो नाही. प्रत्येक रोप उपटून शेजारच्या कुंड्यांवर नीट झटकलं, तिची चांगली माती वाया जायला नको. एवढा विचार कोण करतं?

संध्याकाळी
उपटलेला ढीग फेकवेना. चिरून सगळ्या कुंड्यांत खत म्हणून घातला. बायकोला सांगितलं, एकही उरलं नाही. ती हसली. फार बरं वाटलं.

२९ मार्च
सगळ्या कुंड्यांत बारीक हिरवं उगवलंय. खताचा गुण! बायकोला कळवलं, नर्सरी जोमात.

२ एप्रिल
चष्मा लावून पाहिलं. फटाकडीच. दिवसभर उपटतोय, संपत नाही. बायकोला खरं सांगायला खाली गेलो. ती फोनवर हॉटेलच्या मॅनेजरबाईंना सांगत होती, यांनी सगळं एकट्याने सांभाळलं हो. पाणी पिऊन परत वर आलो. रडकुंडीला आलोय.

५ एप्रिल
मॅनेजरबाई आल्या. दोन-तीन कुंड्या पाहिल्या. मी म्हटलं, निसर्ग आहे. त्या म्हणाल्या, तो हॉटेलात नको. ऑर्डर रद्द.

८ एप्रिल
प्लास्टर निघालं. बायको कठडा धरून गच्चीवर आली. सगळ्या कुंड्या फिरून पाहिल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग स्टूल ओढून एकेक रोप उपटायला बसली. मी विचारलं, मदत करू का? तिने मातीच्या हातांनी मला कोपरापासून नमस्कार केला.
खाली येऊन बसलोय.