हिरव्या वर्तुळातले सालेह

अलोर सेतार

प्रिय नजमी,

तुझा लेख मी वाचला. इस्लामी बँकिंगवरच्या संशोधनाचा कल कुठे चाललाय, ते त्यात आहे म्हणतोस. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे तुझ्या आकृतीतल्या रंगीत वर्तुळांना घाबरले नाही. कुठल्या देशातून किती लेख आले, कोणी कोणाचा हवाला दिला, 'नफा' हा शब्द 'जोखीम'शेजारी किती वेळा बसला, सगळं मोजलंयस. त्या लेखांत लिहिलंय काय, ते मात्र कुठेच सापडलं नाही. शेवटी म्हणतोस, अजून संशोधनाची गरज आहे. असणारच. वाचायचंच नसेल तर गरज संपेल कशी?

हिरव्या वर्तुळाच्या मधोमध 'सालेह' आहेत, अत्यंत प्रभावी संशोधक. म्हणजे तुझे बाबा, मुस्तकीम बिन सालेह. आपल्यात आडनाव नसतं, बापाचं नाव मागे लागतं, हे मोजणी करणाऱ्या परदेशी यंत्राला कळलं नाही तर मी समजू शकते. तुला कळू नये? सालेह म्हणजे तुझे आजोबा. कुआला कदाहला मासे धरायचे आणि बँक दिसली की रस्ता ओलांडायचे. शेजारच्या नोरैनीला सांगितलं तर हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अगं, म्हाताऱ्याला आता प्रोफेसरची पेन्शन तरी मागून घे!" बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, तेही तुझ्या अडाणीपणावर.

हसू टिकलं नाही. कारण हिरवं वर्तुळ म्हणजे, तुझ्या मते, बँकांच्या आजच्या कर्जपद्धतीचे समर्थक. बाबांच्या ज्या लेखावरून तू हे ठरवलंस, तो लिहायला त्यांनी दोन वर्षं मासळीच्या धक्क्यावर काढली. होडी बुडाली तेव्हा बँकेनं तुमच्याबरोबर तोटा सोसला का, एवढंच कोळ्यांना विचारत फिरायचे. लोक म्हणायचे, "मास्तर, बँकेला पोहता येत नाही." बँकेनं नुसता कागदावर धातू विकत घ्यायचा, लगेच विकायचा, गरजवंताच्या हाती पैसे टेकवायचे आणि आधीच ठरवलेला नफा वसूल करायचा, हे व्याजी कर्जच आहे, असं त्यांनी लिहिलं. व्याजाला सोंगकोक टोपी घातली म्हणून ते नमाजी होत नाही, हेही लिहिलं. हे सगळं पहिल्याच पानावर आहे, नजमी. तुला पान उलटावंसुद्धा लागलं नसतं.

बाबांना जाऊन शंभर दिवस होतील तेव्हाच्या कंदुरीच्या जेवणाला तुझे कुलगुरू येणार, बाबांच्या नावाचा पुरस्कार जाहीर करणार आणि त्याला माझा होकार हवा, असं तू कळवलंस. होकार नाही. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, बाबांनी तुझा लेख तळटिपांसकट वाचला. त्याला सांगू नकोस म्हणाले होते, म्हणून मी इतके दिवस तुला कळवलं नाही. कसा झालाय, मी विचारलं. चष्मा काढून म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या माणसाचं नाव मी तुमच्या संस्थेला देणार नाही. तू ये. एकटा ये, आदल्या दिवशीच ये. मटणाच्या मोठ्या कढया हलवायला माणसं कमी आहेत.

तुझीच,
आई