बाबांच्या गिअरबॉक्सला नवं इंजिन

प्रिय निकू,

जय भीम. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी बातमी सांगते: आपली लाल गाडी चालली! चेष्टा नाही. परवा रविवारी सकाळी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून दारव्हा रोडला मी स्वतः काढली. मी, तुझी आई, वय वर्षं सत्तावन्न.

ती भंगारात दे, असं तू किती वेळा म्हणालीस. तुझंही चूक नव्हतं. खाणीतले एक साहेब बदली होऊन जाताना ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार तुझ्या बाबांना देऊन गेले. बाबांनी वर्षभर खपून तिचा गिअरबॉक्स नव्यासारखा केला. इंजिनाचा ब्लॉक मात्र तडकलेला होता. ते काम राहिलं आणि बाबा गेले. नऊ वर्षं झाली त्याला. मी आपल्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवत राहिले, ऑर्डरी घेत राहिले, पण मागच्या शेडमधली ताडपत्री काही माझ्यानं उचलली गेली नाही.

ती उचलली भावसिंग राठोड यांनी. वणीकडच्या खाणीत डंपरचे मेकॅनिक होते, निवृत्त होऊन यवतमाळला आले. एक शाफ्ट टर्निंगला घेऊन आले होते, शेडमध्ये काय झाकून ठेवलंय म्हणून विचारलं आणि मी दाखवलं. गिअरबॉक्सचं झाकण उघडून ते कितीतरी वेळ आत बघत बसले. मग म्हणाले, "बाई, याले हात नोका लावू. ज्यानं केलं त्यानं लई जीव लावून केलं. इंजिनच दुसरं पाहू." निकू, इतक्या वर्षांत बाबांच्या कामाबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि डोळे पुसून बाहेर आले.

मागून चेपलेल्या एका अलीकडच्या गाडीचं इंजिन मिळालं. आरटीओची परवानगी, कागदपत्रं, सगळं त्यांनी आधी केलं. पण नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला बसणार कसं? बोल्टांची भोकं जुळेनात. म्हणून दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट करायची ठरली, आणि ती मी करायची. क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग गिअरबॉक्सला बसेल असा जुनाच ठेवला, बाहेरचा इंजिनाला बसेल असा नवा. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकायला मी पितळेचं बुश, म्हणजे बोटभर नळीच, केलं. ते असं बसलं की पुन्हा पुन्हा काढून बघावंसं वाटत होतं.

पहिली प्लेट मात्र फसली. सगळं जोडून इंजिन चालू केलं तर गिअरबॉक्स असा किंचाळला की शेजारच्या वेल्डिंगवाल्या सुखीबाई धावत आल्या. भावसिंगजी पटकन म्हणाले, "माप मीच चुकीचं देल्लं." आम्ही सगळं खोललं. मी मापं पुन्हा घेतली. त्यांचं माप बरोबर होतं. भोकं पाडताना प्लेट माझ्याकडून केसभर सरकली होती, आणि त्यांना ते आधीच दिसलं होतं. मला रागच आला. मी म्हटलं, "खोटं कायले बोलता? चूक माझी हाय, मलेच सांगा नं!" ते खाली मान घालून हसले. म्हणाले, "बरं. आता सांगत जाईन." आणि खरंच सांगतात हो! माझ्या भाजीत मीठ जास्त झालं तर तेही सांगतात.

दुसरी प्लेट करायला अकरा दिवस लागले. रविवारी गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि स्वतः बाजूला बसले. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. लोण्यासारखे पडले गं! दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वाऱ्यानं माझे केस तोंडावर. मी ओरडत होते की गात होते, मला माहीत नाही. भावसिंगजींची टोपी उडाली तरी त्यांनी गाडी थांबवू दिली नाही. टपरीवरचे लोक ग्लास हातात धरून उभे राहिले. एवढी मी कधी हसले होते, आठवत नाही.

तुझ्या लक्षात आलं असेल, पूर्वी मी त्यांना भावसिंगभाऊ म्हणायचे. आता म्हणत नाही.

निकू, आम्ही लग्न करतोय. मी पण एकटी, तेही एकटे. रुखमाबाई, त्यांच्या पत्नी, जाऊन सहा वर्षं झाली. पण एकटेपणाला कंटाळून नाही करत मी हे. मला ते आवडतात. आपल्यातले लोक बोलतील, त्यांच्या तांड्यावरचेही बोलतील, बोलू देत. तुझ्या बाबांवरची माझी माया तसूभर कमी झालेली नाही, हे तुला वेगळं सांगायला लागू नये, तरी सांगते. यवतमाळच्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सह्या आहेत. त्यांच्या बाजूनं त्यांचा मुलगा प्रेमसिंग साक्षीदार आहे. माझ्या बाजूचं नाव विचारलं तेव्हा मी कुणाला न विचारता तुझं सांगून टाकलं. चिडलीस तर ये आणि भांड, पण ये.

तुझीच,
आई